भोंगा ऐकू येईल इतकं जवळ

"अर्जदार ही गरीब व अडाणी बाई असून..." असं वाक्य मसुद्यात आलं की आबा टाइपरायटरवरचे हात काढून मांडीवर ठेवत. रागावत नसत. समोरच्या वकिलाकडे चष्म्यावरून बघत आणि विचारत, "साहेब, बाई अडाणी कशावरून?"

"अहो आबा, तशी पद्धत आहे लिहायची."

"पद्धत असेल. पण खाली अंगठा त्या बाईंचा आहे. आपण स्वतःला अडाणी म्हणून लिहून देतोय, हे त्यांना सांगितलंय का?"

बहुतेक वेळा सांगितलेलं नसे. मग वकील एक तर 'गरीब व अडाणी' खोडायचा, नाही तर कागद उचलून पलीकडच्या टायपिस्टकडे जायचा. पलीकडचा टायपिस्ट जे देऊ ते टाइप करायचा, म्हणून त्याच्याकडे गर्दी असायची. आबांकडे कमी असायची. त्याचं त्यांना काही वाटत नसे. मोकळ्या वेळात ते वाचत बसत.

आबा म्हणजे तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली बसणारे टायपिस्ट. गाव जळगावहून धुळ्याला जाताना लागतं. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण ज्यांच्याशी आम्ही भांडलो ती माणसं अजून तिथंच आहेत आणि भेटली की चहा पाजतात. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी जळगावच्या लॉ कॉलेजातून पदवी आणि मग सनद घेऊन तिथं एका ज्येष्ठ वकिलांकडे शिकायला लागले, तेव्हा त्या कोर्टात काळा कोट घालणारी मी एकटीच बाई. बार रूममध्ये माझी खुर्ची ठरलेली नव्हती. जी रिकामी असेल तिच्यावर बसायचं, मालक आला की उठायचं. कंटाळून मी आबांच्या बाकावर जाऊन बसायला लागले.

ते उंच होते आणि मशीनवर वाकून वाकून खांद्यातून पुढं आलेले. विचार करताना डाव्या कानाची पाळी ओढायची सवय. बोटांना कार्बनचा निळा रंग कायमचा, त्यामुळे ती पाळीही निळी. नवीन माणसाला वाटे, कानाला काही तरी लागलंय.

त्यांचा दुसरा एक नियम होता. अर्ज टाइप झाला की ते वकिलाला वाचून दाखवत नसत. अर्जदाराला समोर बसवत आणि म्हणत, "आता यात काय लिहिलंय ते तुम्ही मला सांगा." अर्जदाराला सांगता आलं तरच सही. वकिलांची यात फार पंचाईत व्हायची. पुकारा होऊन जायचा आणि इकडे पक्षकार लिंबाखाली परीक्षा देत बसलेला. एकदा एका म्हाताऱ्यानं आपल्या शेताच्या बांधाची अशी हकिगत सांगितली, की वकिलानं उत्तरेच्या बांधावर दावा लिहिलाय आणि भांडण दक्षिणेच्या बांधाचं आहे, हे तेव्हा कळलं. म्हातारा तीन तारखा येऊन गेला होता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

त्या वकिलांनी आबांचे आभार मानले नाहीत, पण नंतर आपल्या पक्षकारांना आबांसमोर बसवायला ते कधी कुरकुरले नाहीत.

आबांचं शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंत. इंग्रजी डिक्शनरीच्या आधारानं. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ते एस.टी.नं जळगावला जात. तिथं एका वयस्कर वकिलांच्या ऑफिसात वरच्या कोर्टांच्या निकालांची पुस्तकं ओळीनं लावलेली होती. आबा सोबत कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा न्यायचे, दिवसभर बसायचे आणि वहीत उतरवून घ्यायचे. येताना बसमध्ये शब्दांचे अर्थ लावायचे. सोमवारी मी बाकावर टेकले की एक कागद पुढं करायचे. "ताई, हे वाक्य बघा. एवढं लांब आहे की कर्ता सापडत नाही."

मी कर्ता शोधून द्यायची. मग ते त्या वाक्याचं मराठी करायचे आणि मराठीचं पुन्हा घरातलं मराठी. शेवटी चहावाल्याला हाक मारून वाचून दाखवायचे. चहावाला अहिराणी बोलणारा. तो म्हणाला, "समजनं," की वाक्य पक्कं. तो नुसती मान हलवून गेला, तर आबा सगळं खोडून पुन्हा लिहायचे. मी एकदा म्हटलं, "आबा, हे कशासाठी? कुणी छापणार आहे का?"

ते म्हणाले, "दिल्लीला निकाल लागतो तो इंग्रजीत. ज्याच्यासाठी लागला त्याला तो कधी कळत नाही. तोपर्यंत माझ्या लेखी तो अर्धाच लागलाय."

खटल्यांची नावं ते घेत नसत. पुस्तकात अमुक विरुद्ध सरकार असं असे. आबांच्या वहीत 'मठवाले स्वामी', 'पासपोर्टवाल्या बाई', 'विमानातल्या बाया', 'राष्ट्रगीताची पोरं'. विमानातल्या बाया म्हणजे ज्यांना पहिल्यांदा दिवस गेले की नोकरीवरून काढायचा नियम होता आणि तो नियम कोर्टानं मोडला, त्या हवाई सुंदऱ्या. राष्ट्रगीताची पोरं म्हणजे केरळातली तीन भावंडं. शाळेत राष्ट्रगीताला अदबीनं उभी राहायची, पण त्यांच्या धर्मात बसत नाही म्हणून गात नसत. शाळेनं काढलं आणि वरच्या कोर्टानं परत घ्यायला लावलं. या सगळ्यांबद्दल आबा नातेवाइकांसारखे बोलत. एखाद्या दुपारी हातातलं काम थांबवून म्हणत, "त्या पोरांना परत गेल्यावर वर्गात कोणी त्रास तर दिला नसेल?" किंवा, "त्या विमानातल्या पहिल्या बाईला मुलगा झाला असेल का मुलगी?" मी हसायची. ते हसत नसत. त्यांना खरोखरच काळजी वाटायची.

मंडल आयोगाच्या दिवसांत त्यांचा एक वेगळाच प्रकार बघितला. उत्तरेत आंदोलनं पेटलेली होती आणि आमची एवढीशी बार रूमही दोन भागांत वाटली गेली. वर्षानुवर्षं एका बशीतून चहा पिणारे दोन वकील एकमेकांकडे पाठ करून बसू लागले. आबांचं घर बौद्ध. पूर्वी बार रूमच्या चहावाल्याकडे त्यांचा कप वेगळा असे, असं जुने लोक सांगायचे. माझ्या वेळी तसं नव्हतं. पण त्या दिवसांत एक जण त्यांना तोंडावर म्हणाला, "तुमचं काय आबा, तुमचं आधीच भागलेलं आहे."

आबांनी मशीनवर पुढचा कागद चढवला. पुढं दोन वर्षांनी नऊ न्यायाधीशांचा निकाल आला. वर्तमानपत्रांत त्याचे रकानेच्या रकाने सारांश छापून आले. आबांनी ती कात्रणं एका पुठ्ठ्यावर चिकटवली आणि जेवणाच्या सुट्टीत बार रूमच्या दारात उभे राहिले. "साहेब लोकहो, भांडायला माझी हरकत नाही. पण आधी वाचून भांडा. मी वाचतो, तुम्ही ऐका." चार दिवस ते रोज अर्धा तास वाचत होते. कुठं सरकारचं म्हणणं टिकलं, कुठं मर्यादा घातली, कोणत्या न्यायाधीशांनी वेगळं मत दिलं, सगळं. पहिल्या दिवशी बार रूम भरली होती. चौथ्या दिवशी पाच जण उरले. त्या पाचांत पाठ फिरवून बसणारे ते दोघं होते. मतं त्यांची बदलली नाहीत, पण वाचन संपल्यावर एकानं दुसऱ्याची बशी पुढं ओढली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

आता मंडलच्याही आधीच्या त्या गोष्टीकडे येते जिच्यामुळे मी वकील झाले. सनद आधीच होती, ते वेगळं.

गावाबाहेर कापसाची जिनिंग फॅक्टरी होती. सगळे तिला नुसतं 'जिन' म्हणत. जिनच्या मागच्या भिंतीला लागून, नाल्याच्या काठानं, मजूर बायकांच्या झोपड्या होत्या. ती जागा पालिकेची. पालिकेनं तिथं दुकानांचे गाळे बांधायचं ठरवलं आणि एके दिवशी जीपवर कर्णा लावून सांगितलं, की तीन दिवसांत जागा खाली करा. लेखी काही नाही.

त्या बायकांची पुढारी कौतिकबाई. चाळिशीची, काटक. कापसाच्या तंतूंनी केस कायम पांढुरके दिसायचे. दोघी जणींना घेऊन ती कोर्टात आली. मोठ्या वकिलांनी नाही म्हटलं. माझे ज्येष्ठ वकील मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू यात पडू नकोस. पुढच्या वर्षी पालिकेच्या वकिलांत माझं नाव लागायचंय. तुला घ्यायचीच असेल तर तुझ्या नावावर घे. मी उभा राहणार नाही."

मी स्वतःच्या नावावर एकही दावा लावला नव्हता. बाहेर आले तर कौतिकबाई आबांच्या बाकावर बसलेली. आबा म्हणाले, "ताई, सगळ्यांना विचारून झालं. आता तुम्हीच राहिलात."

यात कौतुक नव्हतं, तरी मी हो म्हटलं.

दुपारपर्यंत मी मसुदा लिहून आणला. आबांनी पहिली ओळ वाचली आणि हात मांडीवर ठेवले. मीही तेच लिहिलं होतं. वादी या गरीब, अडाणी, निराधार स्त्रिया असून. मला फार राग आला. म्हटलं, "आबा, उद्या सकाळी जीप यायची आहे. आज तरी शब्दांवर अडू नका."

"अडत नाही. पण हे वाचून न्यायाधीशांना दया येईल. दयेनं एक तारीख मिळते, ताई. जागा मिळत नाही." मग कौतिकबाईकडे वळून त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही तिथंच का राहता? गावात दुसरीकडे का नाही?"

तिनं माझ्याकडे बघितलं. बोलू की नको असं तिच्या चेहऱ्यावर होतं. मी मान हलवली.

"आम्ही आठे हौस म्हनीसन ऱ्हातस का, ताई? जिनना भोंगा व्हयना की पाव तासमा गेटवर जावं लागस. जी पहिले पोहचनी तिले काम. लांब गयं तर मुकादम दुसरी बाई भरी लेस."

भोंगा झाल्यावर पाव तासात जी गेटवर पोचेल तिलाच त्या दिवसाचं काम, असा हिशेब होता. घर लांब गेलं की कामही गेलं. हे मला माहीत नव्हतं. मी त्याच गावात दोन वर्षं राहत होते, तो भोंगा रोज ऐकत होते.

"हेच," आबा म्हणाले. "हेच पहिलं कलम." आणि त्यांनी कोरा कागद मशीनवर चढवला.

टाइप करता करता त्यांनी वही काढून माझ्यासमोर टाकली. 'फुटपाथवाले' असं पानावर लिहिलेलं होतं. मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांचा तो खटला. दोन-तीन वर्षांपूर्वी निकाल लागलेला. आबांचं मराठी असं होतं: माणसाला जगायचा हक्क आहे म्हणता, आणि तो ज्याच्यावर जगतो तेच काढून घेता, तर हक्क उरला कशाचा.

मला आनंद झाला. म्हटलं, "झालं मग. हे दाखवलं की जिंकलो."

"पण ते हरले होते," आबा म्हणाले.

"कोण?"

"फुटपाथवाले. कोर्टानं हे वाक्य लिहिलं, आणि मग म्हटलं, फुटपाथ चालण्यासाठी आहेत, पालिकेला हटवता येईल. फक्त रीतसर हटवा, त्यांचं म्हणणं ऐका, पावसाळा जाऊ द्या. मठवाल्या स्वामींचंही तसंच. जमिनीसाठी गेले होते, ते काही हाती लागलं नाही. पण त्यांच्यामुळे देशाला घटनेबद्दलचा एवढा मोठा निकाल मिळाला."

"मग हरले हे आपण कशाला सांगायचं?"

आबांनी कान ओढला. "समोरचा वकील सांगणारच. त्यानं आधी सांगितलं तर ती आपली लबाडी ठरेल. आपण आधी सांगितलं तर तो आपला मुद्दा होईल."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच पुकाऱ्याला मी उभी राहिले.  माझे ज्येष्ठ मागच्या बाकावर फाइल उघडून बसले होते, पण पान उलटत नव्हते. पालिकेच्या वकिलांच्या हातात तेच निकालाचं पुस्तक होतं, खुणेची चिठ्ठी घातलेलं. ते माझ्याकडे बघून मंद हसत होते. क्षणभर वाटलं, त्यांना पुस्तक उघडू द्यावं, आपण गप्प राहावं. मग मी म्हटलं, "महाराज, मी ज्या निकालाचा आधार घेते आहे त्यात माझ्या पक्षकारांसारखे लोक हरले आहेत. हे मला आधी सांगायचं आहे."

पालिकेच्या वकिलांनी चिठ्ठी काढून पुस्तक मिटलं.

न्यायाधीश तरुण होते, नुकते बदलून आलेले. त्यांनी पंधरा मिनिटं माझं ऐकलं, दहा मिनिटं समोरच्यांचं. मग चष्मा काढला आणि मागे उभ्या असलेल्या कौतिकबाईला थेट विचारलं, "बाई, पालिकेनं दुसरी जागा दिली तर जाल का?"

कौतिकबाई कठड्याजवळ आली. "जासूत ना साहेब. आमले गाळा अडावाना नही शेत. पन जागा अशी देवा, की जिनना भोंगा ऐकू येवाले पाहिजे."

कोर्टात कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी तिचं वाक्य शिरस्तेदाराला पुन्हा सांगायला लावलं आणि स्वतःच्या हातानं लिहून घेतलं. संध्याकाळी हुकूम झाला. तूर्त परिस्थिती जैसे थे. पालिकेनं पर्यायी जागा सुचवावी. ती जागा कामाच्या ठिकाणापासून भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर आहे की नाही, हे कोर्ट कमिशनरनं प्रत्यक्ष बघून अहवाल द्यावा.

कमिशनर म्हणून एका वयस्क वकिलांची नेमणूक झाली. ठरल्या दिवशी ते स्कूटरवर आले, पालिकेचे ओव्हरसियर जीपमधून, आम्ही चालत. आणि आबा सायकलवर. मागच्या कॅरिअरला दोरीनं बांधलेला टाइपरायटर.

"आबा, हे कशाला?" कमिशनर म्हणाले.

"पंचनामा जागेवरच टाइप झालेला बरा, साहेब. घरी गेल्यावर माणसाला वेगळंच ऐकू येतं."

पालिकेनं दाखवलेली पहिली जागा मरीमातेच्या देवळापलीकडे होती. सपाट, रस्त्याला लागून, आणि कोपऱ्यावर सार्वजनिक नळ. बायकांनी नळ पाहिला आणि त्यांच्यात कुजबुज सुरू झाली. जिनचा दुपारचा भोंगा दोन वाजता होत असे. आम्ही सगळे गप्प उभे राहिलो. दोन वाजले. वारा होता, देवळाची पताका फडफडत होती. दोन वाजून एक मिनिट झालं.

"आला," ओव्हरसियर म्हणाले. "मला स्पष्ट ऐकू आला."

कमिशनरांनी आबांकडे बघितलं. आबा म्हणाले, "मला नाही आला. पण माझे कान म्हातारे आहेत. ज्यांना कामाला जायचंय त्यांना विचारा."

कौतिकबाईच्या शेजारची तिला कोपरानं ढोसत होती. "हो म्हन ना, नळ शे आठे." कौतिकबाई काही वेळ त्या नळाकडे बघत राहिली. नाल्याच्या काठी पाणी आणायला तिला रोज किती चालावं लागे ते मी पाहिलं होतं. माझ्या मनात आलं, ही हो म्हणाली तर मी काय करणार.

"नळ शे," ती म्हणाली. "सडक शे. पन भोंगा नही उना, साहेब. खोटं कसं सांगू?"

आबांनी सायकल स्टँडवर लावली आणि कॅरिअरवरच टाइप केलं, की या जागी भोंगा ऐकू आला की नाही याबद्दल हजर व्यक्तींत मतभेद आहे.

दुसरी जागा जुन्या कोंडवाड्याच्या मागे. उताराची, दगडगोट्यांची. पाण्याचं नाव नाही. दुसऱ्या दिवशी दोन वाजता आम्ही तिथं उभे राहिलो आणि भोंगा असा झाला, की कोंडवाड्याच्या भिंतीवरचे पारवे एकदम उडाले. ओव्हरसियरनाही हसू आवरेना. पंचनाम्यात आबांनी लिहिलं, 'दुपारी दोन वाजता जिनचा भोंगा सर्व हजर व्यक्तींना स्पष्ट ऐकू आला.' पहिली सही ओव्हरसियरांची झाली.

पुढं तडजोड व्हायला काही महिने लागले. बहुतेक घरांना कोंडवाड्यामागे जागा मिळाली. सहा-सात कुटुंबांची नावं यादीत नव्हती, कारण ती उशिरा आलेली. त्यातली काही सुरतेला निघून गेली. आबांना त्याचं फार लागलं. उरलेल्यांसाठी त्यांनी अर्ज टाइप केला, तो फेटाळला. दुसरा केला, तोही. तिसऱ्या अर्जानंतर दोन घरांची नावं यादीत चढली. नळ यायला आणखी दोन वर्षं गेली. पण आला.

हुकमाची प्रत आबांनी प्रत्येक घराला दिली. सात-सात कागद कार्बन घालून एकदम टाइप करायचे. सातवी प्रत पुसट निघे, ती कुणाला द्यायचे नाहीत, स्वतःकडे ठेवायचे. नव्या जागेवर जाऊन त्यांनी तो हुकूम अहिराणीत वाचून दाखवला. कौतिकबाई मध्येच म्हणाली, "हाई तं मीच सांगं व्हतं."

"तुम्हीच," आबा म्हणाले. "त्यांनी नुसतं लिहून घेतलं."

माझ्या ज्येष्ठांना पालिकेचं काम मिळालं नाही. त्यांनी मला त्याबद्दल कधी बोल लावला नाही. उलट त्यानंतर बार रूममध्ये त्यांनी आपल्या शेजारी एक खुर्ची ठेवून दिली आणि तिच्यावर कुणाला बसू दिलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कोर्टासमोर संगणकाचं दुकान निघालं. आबांनी एकदा तिथं जाऊन, खोडरबर न वापरता चूक कशी दुरुस्त होते ते बघितलं, "छान आहे" म्हणाले, आणि महिनाभरानं मशीन पलीकडच्या टायपिस्टला देऊन सोनगीरला राहायला गेले. तिथं त्यांचे थोरले भाऊ होते, निवृत्त शाळामास्तर. पुढच्या दिवाळीनंतर मी धुळ्याला जिल्हा कोर्टात गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून सोनगीरला उतरले. तीच आमची शेवटची भेट. त्यानंतर वर्षभरात ते गेले.

किल्ल्याच्या पायथ्याशी धाब्याचं, सपाट मातीच्या छपराचं घर. ओट्यावर दोघे भाऊ बसलेले. आबा लिहीत होते, मास्तर सुपारी कातरत होते. आबांनी मला बसायलाही सांगितलं नाही. म्हणाले, "ताई, बरं झालं आलात. स्वामींच्या निकालात अडलोय."

मठवाल्या स्वामींचा तो मोठा निकाल. तेरा न्यायाधीश बसले होते आणि थोडक्या मतांनी ठरलं, की संसदेला घटना बदलता येईल, पण तिची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. आबा 'मूलभूत चौकट'पाशी अडले होते. पाया म्हणावं तर तो जमिनीत, दिसत नाही. चौकट म्हणावं तर बायकांना दाराची वाटते. चार शब्द लिहून चारही खोडलेले होते.

तेवढ्यात शेजारच्या सखूअक्का विरजण मागायला आल्या. आबांनी त्यांना थांबवलं. "अक्का, एक सांगा. घर दुरुस्त करायला काढलं, तर काय काय बदललं चालतं आणि कशाला हात लावायचा नाही?"

अक्का वाटी हातात धरून वर धाब्याकडे बघत उभ्या राहिल्या. "भीत पाडा. दरवाजा इकडला तिकडे करा. माती नवी टाका. बठ्ठं बदला. पन ज्या खांबवर धाबं शे, त्याले हात नका लावू."

आबांनी 'खांब' लिहिलं. मग खाली रेघ मारली.

अक्का गेल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मंग कोनी हात लायेल शे का त्याले?"

 उत्तर मास्तरांनी दिलं. सुपारी कातरतच. "लावला होता, अक्का. तेव्हा मी दीड वर्ष नाशिकला तुरुंगात होतो."

हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत आबा कधी बोलले नव्हते. आणीबाणीत मास्तरांना शाळेतून उचलून नेलं होतं. आबा तेव्हा कोर्टात नक्कल विभागात सरकारी नोकर होते. भावाला का धरलंय, एवढंच विचारणारा अर्ज त्यांनी तयार केला होता. पण त्याच सुमाराला वरच्या कोर्टाचा निकाल आला, की आणीबाणी आहे तोवर धरून नेलेल्या माणसाला कोर्टात दाद मागता येणार नाही. पाच न्यायाधीशांपैकी एकानं तेवढं म्हटलं, की हे बरोबर नाही. बाकी चौघांनी हो म्हटलं. नक्कल विभागात त्या दिवशी आबांच्या टेबलावर दुसऱ्यांच्या अर्जांचा गठ्ठा होता आणि आपला अर्ज कुठं द्यायचा हेच त्यांना कळेना. आणीबाणी उठल्यावर त्यांनी राजीनामा दिला आणि लिंबाखाली स्वतःचं मशीन मांडलं.

"मंग घर पडनं नही?" अक्कांनी विचारलं.

"नाही पडलं," आबा म्हणाले. "निवडणूक आली. ज्यांनी हात लावला त्यांना लोकांनी मतं टाकून बाजूला केलं. दादा घरी आले. मग घटनेतच लिहून टाकलं, की आणीबाणी असली तरी जगण्याचा हक्क बंद करता येणार नाही. म्हणजे बघा, खांबाला लोखंडी पट्टी मारून घेतली."

"ते बी लिखं का?"

"लिहितो." आबांनी तिथंच लिहिलं आणि वाचून दाखवलं.

अक्कांनी मान हलवली नाही. "पट्टी नको लिखू," त्या म्हणाल्या. "पट्टी सुतार ठोकस. टेकू लिख. टेकू घरना मानसे देतस."

मास्तरांचा अडकित्ता थांबला. आबांनी कानाची पाळी धरली, थोडा वेळ धरून ठेवली, आणि 'पट्टी' खोडून वर 'टेकू' लिहिलं.